मार्कोनी : उंच काठीपासून समुद्रापलीकडे

रेडिओचा शोध कोणी लावला, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आला की विद्यार्थी डोळे मिटून मार्कोनी असे लिहितात आणि गुण मिळवतात. शाळेपासून हे उत्तर पाठ झालेले असते. पण गुग्लिएल्मो मार्कोनीचे चरित्र थोडे खोलात जाऊन वाचले की हे उत्तर डळमळू लागते. विद्युत्चुंबकीय लहरी असल्या पाहिजेत, हे गणिताने सांगितले मॅक्सवेलने. त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या हर्ट्झने. त्या ओळखणारी धातूच्या किसाची नळी केली फ्रान्समधल्या ब्रान्लीने आणि ती सुधारली इंग्लंडमधल्या लॉजने. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी तर कलकत्त्यात १८९५ च्या सुमारास या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मग मार्कोनीने केले तरी काय?

माझ्या मते त्याने एकच गोष्ट केली आणि ती आयुष्यभर केली. त्याने पल्ला वाढवला. खोलीतली लहर बागेत नेली, बागेतली टेकडीपलीकडे नेली, टेकडीपलीकडची समुद्रापार नेली. या कामी त्याचे मुख्य हत्यार होते एरियल, ज्याला आपण आज अँटेना म्हणतो. म्हणून त्याची जीवनकथा मी या एरियलच्या काठीला धरूनच सांगणार आहे.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे हे जमीनदार होते. आई ॲनी जेमिसन ही आयर्लंडची, मद्य तयार करणाऱ्या प्रसिद्ध जेमिसन घराण्यातील मुलगी. मुलाला इंग्रजी आईकडूनच आले आणि पुढे तेच त्याच्या फार उपयोगी पडले. त्याचे शिक्षण बरेचसे घरी शिकवणी लावून झाले. लिव्होर्नो येथे विंचेन्झो रोझा नावाच्या शिक्षकांनी त्याला विजेचे शास्त्र शिकवले. विद्यापीठाची पदवी त्याला मिळाली नाही. मात्र बोलोन्या विद्यापीठातील नामवंत प्राध्यापक आउगुस्तो रिगी हे त्याच्या घराच्या शेजारचेच. त्यांनी त्याला प्रयोगशाळेत डोकावू दिले, ग्रंथालय वापरू दिले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. मोठ्या माणसांच्या चरित्रांत पदवी नसल्याचा उल्लेख आला की व्याख्याते लगेच आम्हा मुलांना सांगतात की बघा, पदवीवाचून काही अडत नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर जरा जास्तच पडते. मार्कोनीचे अडले नाही हे खरे. पण त्याच्या घरात शिकवणीला शिक्षक येत होते, माडीवर दोन खोल्या प्रयोगासाठी मोकळ्या होत्या, शेजारी जगप्रसिद्ध प्राध्यापक राहत होते आणि लंडनमध्ये आईचे सधन नातलग होते. हे सगळे मिळून एक विद्यापीठच झाले. ज्याच्या घरात यांतले काहीच नाही, त्याला हे विद्यापीठ बाहेरच शोधावे लागते. यात मार्कोनीचे मोठेपण कमी होत नाही. फक्त त्याच्या गोष्टीतून आपण भलताच धडा घेऊ नये, एवढेच.

१ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी वारला. त्याच्या कार्यावर रिगींनी एक लेख लिहिला. तो लेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला तेव्हा तो डोंगरात सुट्टीसाठी गेला होता. हर्ट्झच्या लहरी वापरून तारेवाचून संदेश पाठवता येईल, ही कल्पना त्याच्या मनात तेथेच शिरली. इतरांना ती कशी सुचली नाही याचेच त्याला नवल वाटत राहिले.

घरी परतल्यावर पोन्तेक्कियो येथील व्हिला ग्रिफोने या आपल्या गावाकडच्या वाड्याच्या माडीवर त्याने प्रयोग मांडले. दोन धातूच्या गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडायची, म्हणजे लहरी उठतात. दुसऱ्या टोकाला काचेच्या बारीक नळीत धातूचा कीस भरलेला असायचा. त्याला कोहीरर म्हणत. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. मग नळीला हलकीशी टिचकी मारली की कीस पुन्हा मोकळा होऊन पुढच्या लहरीची वाट पाहतो. मार्कोनीने निकेल आणि चांदीचा कीस वापरून, नळीतली हवा काढून ही नळी फार भरवशाची केली आणि टिचकी मारायला एक लहानशी हातोडी बसवली. एका रात्री त्याने आईला उठवून माडीवर नेले आणि खोलीच्या एका टोकाला कळ दाबून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. वडिलांना मात्र हा सारा पोरखेळ वाटत होता. पुढे तेही वळले आणि त्यांनी पैसे दिले.

पण खोलीत घंटा वाजवणे बोस, लॉज यांनाही साधले होते. खरी गोष्ट घडली ती १८९५ च्या उन्हाळ्यात, वाड्याच्या बागेत. हर्ट्झच्या यंत्राला दोन्ही बाजूंना धातूचे पत्रे असत. मार्कोनीने काय केले, तर एक पत्रा उंच काठीवर टांगला आणि दुसरा जमिनीत पुरला. वर आकाश, खाली माती आणि मध्ये ठिणगी. असे उंच एरियल आणि असे भूजोडण एकत्र करून त्याने पल्ला मोजायला सुरुवात केली. मोजमाप करण्याची त्याची चिकाटी पाहण्यासारखी आहे. ३० सेंटीमीटर बाजूचा पत्र्याचा डबा २ मीटर उंच काठीवर ठेवला, तर ३० मीटरपर्यंत संदेश गेला. काठी ४ मीटर केली, तर १०० मीटर. ८ मीटर केली, तर ४०० मीटर. मग त्याच ८ मीटरच्या काठीवर १ मीटर बाजूचा मोठा डबा चढवला, तर २४०० मीटर!

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा पाहा. काठी दुप्पट केली की अंतर दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. पुढे हाच नियम मार्कोनीच्या नावाने ओळखला गेला : पल्ला हा एरियलच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा नियम सर्व अंतरांना लागू पडत नाही हे नंतर कळले, पण एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती तेव्हा जणू किल्लीच लागली. ठिणगी मोठी करण्यात इतर शास्त्रज्ञ गुंतले होते. मार्कोनीने ठिणगी तेवढीच ठेवली आणि काठी उंच केली.

याच काळातला बंदुकीच्या बाराचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सुरुवातीला संदेश मिळाला की त्याचा थोरला भाऊ आल्फोन्सो दुरून रुमाल हलवीत असे. पुढे अंतर वाढले आणि ग्राहक यंत्र टेकडीच्या पलीकडे गेले. रुमाल दिसणार कसा? म्हणून आल्फोन्सो बंदूक घेऊन गेला. मार्कोनीने वाड्यातून कळ दाबली आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. लहर टेकडी ओलांडून गेली होती. उजेडासारखी सरळच जाणारी ही लहर डोंगरापाशी अडेल असे विद्वान समजत होते, त्यांना हा बार म्हणजे उत्तर होते.

इटलीच्या सरकारकडून उत्तेजन मिळाले नाही, तेव्हा फेब्रुवारी १८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. आईच्या नात्यातील हेन्री जेमिसन डेव्हिस याने ओळखी करून दिल्या. २ जून १८९६ रोजी मार्कोनीने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश डाकखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी या परक्या पोराला हाताशी धरले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवर लॅव्हरनॉक येथून फ्लॅट होम या बेटापर्यंत पाण्यावरून संदेश गेला आणि त्यानंतर १६ किलोमीटरवरच्या ब्रीन डाउनपर्यंत. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली गेली. त्याचे वय तेव्हा २४ वर्षे होते.

आता त्याला अटलांटिक दिसू लागला. पण येथे काठीचा नियम कोलमडतो, कारण त्या हिशेबाने लागणारे खांब उभारणे माणसाच्या हातचे नाही. म्हणून त्याने प्रक्षेपणाची शक्ती प्रचंड वाढवली आणि एरियल उंचीबरोबर रुंदीतही पसरवले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोल्ड्यू येथे सुमारे ६१ मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभे करून त्यांवर तारांचे जाळे विणले. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते सारे जमीनदोस्त झाले. अमेरिकेत केप कॉड येथे तसेच दुसरे जाळे उभे होते, तेही नोव्हेंबरच्या वाऱ्यात पडले. दुसरा कोणी असता तर वर्षभर गप्प बसला असता. मार्कोनीने पोल्ड्यूला दोन खांबांमध्ये पंख्याच्या आकाराचे साधे एरियल लावले आणि स्वतः दोन सहायकांसह न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे गेला. खांब उभारायला वेळ नव्हता. त्याने पतंग उडवला! सुमारे १५० मीटर लांबीची तार पतंगाने वर नेली. १२ डिसेंबर १९०१ रोजी सिग्नल हिल या टेकडीवर कानाला फोन लावून बसलेल्या मार्कोनीला पोल्ड्यूचे ते ठरलेले तीन ठिपके, म्हणजे मोर्सच्या लिपीतील एस हे अक्षर, ऐकू आले. अंतर सुमारे ३४०० किलोमीटर होते.

ते खरोखर ऐकू आले का? हा वाद आजही मिटलेला नाही. कागदावर उमटलेला पुरावा नव्हता, ऐकणारे दोघेच, मार्कोनी आणि त्याचा सहायक केम्प. वेळ दिवसाची, आणि त्या लांबीच्या लहरी दिवसा इतक्या दूर जाणे अवघड असते हे आज आपल्याला ठाऊक आहे. पतंग वाऱ्यावर वरखाली होत असल्याने एरियलही सारखे बदलत होते. माझे मत विचाराल तर त्याने खोटे सांगितले असे मला वाटत नाही, पण वाऱ्याच्या खडखडाटात ज्याची वाट पाहत आहोत तेच ऐकू येण्याचा संभव असतो. मार्कोनीलाही शंकेखोरांची तोंडे बंद करायची होती, म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया या बोटीने निघाला आणि पोल्ड्यूचे संदेश कागदाच्या फितीवर उमटवून कप्तानाकडून त्यावर नोंद घेतली. रात्री अडीच हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश मिळाले, नुसते ठिपके त्याहूनही दूरवर. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरच्या आसपासच सगळे थांबले. दिवस आणि रात्र यांतला हा फरक त्यानेच पहिल्यांदा नोंदवला. पृथ्वीभोवती उंचावर विजेचा थर असावा आणि लहरी त्यावर आपटून परत येत असाव्यात, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी त्याच वर्षी मांडला. १९२० नंतरच्या दशकात ॲपल्टनने तो प्रयोगाने सिद्ध केला.

सिग्नल हिलवर त्या दिवशी वापरलेल्या यंत्रांत पाऱ्याचा एक कोहीरर होता. तो इटालियन नौदलाकडून मिळाला म्हणून सांगतात. परंतु पारा आणि लोखंड यांच्या स्पर्शावर चालणारा कोहीरर जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात वर्णिला होता, हे आता अनेक अभ्यासक दाखवून देतात. बोस यांना शोधांवर पैसा मिळवणे आवडत नसे. मार्कोनीकडे पेटंट होते, कंपनी होती, वकील होते. यावरून मार्कोनीला सरळ चोर ठरवणारे लेख आपल्याकडे निघतात, ते मला पटत नाहीत. बोस यांचे लक्ष आखूड लहरींच्या गुणधर्मांकडे होते, मार्कोनीचे पल्ल्याकडे. मात्र ज्याच्या नळीतून आवाज ऐकला त्याचे नाव घ्यायला हवे होते, हे म्हणणे रास्तच आहे. तसेच १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीचा रेडिओचा शोधच रद्द केला असे जे सांगतात तेही बरोबर नाही. तो निकाल लहरी जुळवून घेण्यासंबंधीच्या एका पेटंटातील काही दाव्यांपुरता होता.

पुढची काही वर्षे भराभर सांगून टाकते. १९०७ साली आयर्लंडमधील क्लिफडेन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यात धंदेवाईक संदेशसेवा सुरू झाली. १९०९ साली त्याला जर्मनीच्या ब्राउन यांच्याबरोबर पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरचे दोन्ही बिनतारी कर्मचारी मार्कोनी कंपनीचे होते. त्यांची हाक कार्पेथिया बोटीने ऐकली आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. जवळच असलेल्या दुसऱ्या एका बोटीवरचा बिनतारी माणूस त्या वेळी झोपला होता. त्यानंतर बोटींवर चोवीस तास कान उघडा ठेवण्याचे नियम झाले. त्याच वर्षी मोटारच्या अपघातात मार्कोनीने उजवा डोळा गमावला. पहिला विवाह १९०५ साली बिअट्रिस ओब्रायन हिच्याशी झाला होता, तो टिकला नाही.

मला विशेष आवडतो तो त्याच्या आयुष्याचा नंतरचा भाग, कारण तेथे त्याने स्वतःचाच मार्ग सोडून दिला. वीस वर्षे तो लांब लहरी, उंच खांब आणि अवाढव्य शक्ती यांच्या मागे होता. १९१६ पासून सहकारी फ्रँकलिन याच्यासह तो उलट दिशेला, आखूड लहरींकडे वळला. १९१९ साली एलेत्रा नावाची नौका घेऊन तिच्यातच त्याने प्रयोगशाळा थाटली. १९२३ मध्ये पोल्ड्यूहून निघणाऱ्या आखूड लहरी ऐकत तो आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दपर्यंत गेला. त्यातून बीम पद्धत निघाली. उभ्या तारांचा एक पडदा, त्याच्या मागे दुसरा पडदा, तो आरशासारखा. सगळी ऊर्जा चारी दिशांना उधळण्याऐवजी एकाच दिशेला जाते, म्हणून थोड्या शक्तीत ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचते.

याच पद्धतीची एक जोडी आपल्या महाराष्ट्रात उभी राहिली. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बीम बिनतारी सेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. दौंड म्हणजे गाडी बदलण्याचे आणि फलाटावर चहा पिण्याचे ठिकाण, एवढेच आपल्याला माहीत. तेथील माळावर एके काळी मार्कोनीच्या तारांचे पडदे लंडनकडे तोंड करून उभे होते, हे वाचल्यापासून त्या स्थानकाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. ही सेवा समुद्रातल्या तारांपेक्षा इतकी स्वस्त पडली की तारांच्या कंपन्या हादरल्या आणि १९२९ साली दोन्ही धंदे एकत्र करावे लागले.

यापुढे तो आणखी आखूड लहरींकडे गेला. १९३३ साली व्हॅटिकन आणि पोपच्या उन्हाळी निवासस्थानामध्ये त्याने जो बिनतारी टेलिफोन बसवला, त्याच्या लहरीची लांबी जेमतेम अर्ध्या मीटरच्या घरातली होती. आज घरोघरी वायफायची जी पेटी असते तिची लहर याच कुळातली, २.४ गिगाहर्ट्झला साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची. आमच्या घरी ही पेटी आतल्या खोलीत पत्र्याच्या कपाटामागे ठेवलेली होती आणि मी अभ्यासाला बसते त्या पडवीत तिचा पत्ता लागत नसे. मार्कोनी वाचल्यावर मी ती कपाटामागून काढून तुळईपाशी उंच बांधली आणि तिच्या आडव्या पाडलेल्या दोन्ही दांड्या उभ्या केल्या. उभी दांडी आपली ऊर्जा मुख्यतः आडवी, सभोवार टाकते, आणि पत्रा लहरी अडवतो. पडवीत व्याख्यान नीट ऐकू येऊ लागले. अंगणाच्या टोकाला चुलतभावाचे घर आहे, त्याला पोचवायचे तर चारी दिशांना टाकणारी दांडी काढून एका दिशेला रोखणारा अँटेना लावावा लागेल. दांडी मोठी म्हणजे शक्ती मोठी असा बाजारात समज आहे, तो खरा नाही. अँटेना नवी ऊर्जा निर्माण करीत नाही. आहे तीच एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला देतो. दौंडच्या पडद्यांनी हेच केले होते. पेटीची दांडी बोटभर असते याचेही कारण आता कळते : लहर आखूड झाली की तिला साजेसा अँटेनाही आखूड होतो.

मार्कोनीच्या चरित्रातली एक बाजू झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. १९२३ साली तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने त्याला १९३० साली इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केले आणि इटलीने इथिओपियावर आक्रमण केले तेव्हा मार्कोनीने जगभर त्याचे समर्थन केले. साऱ्या जगाला जोडणाऱ्या माणसाने हे करावे याचा मेळ मला लावता आलेला नाही.

हृदयविकाराने तो खंगत गेला आणि २० जुलै १९३७ रोजी रोम येथे वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी जगातील अनेक प्रक्षेपण केंद्रांनी दोन मिनिटे आपले प्रक्षेपण थांबवले. चार महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे जगदीशचंद्र बोस गेले.

मार्कोनीची समाधी पोन्तेक्कियोच्या त्या वाड्यापाशीच आहे. एलेत्रा नौका दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ताब्यात घेतली आणि १९४४ साली दाल्मेशियाच्या किनाऱ्याजवळ ती हल्ल्यात निकामी झाली. पुढे तिचे तुकडे इटलीत आणून निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात आले. त्यांतला तळाचा एक भाग समाधीजवळ ठेवलेला आहे, त्याच बागेत, जेथे आठ मीटरच्या काठीवर पत्र्याचा डबा टांगला होता.